शूटिंगला चार दिवस, एडिटिंगला एक रात्र

महाविद्यालयांच्या मास मीडिया विभागांत, फिल्म क्लबांत आणि महोत्सवांच्या स्पर्धांत लघुपटांच्या बरोबरीनं आता म्युझिक व्हिडिओही होऊ लागले आहेत. कारणं समजण्यासारखी आहेत. गाणं तीन-चार मिनिटांचं असतं, संवाद लिहावे लागत नाहीत, लोकेशनवरच्या आवाजाची कटकट नसते, कॅमेरा खिशातल्या फोनमध्येच असतो आणि गाणारं, रॅप करणारं किंवा कीबोर्ड वाजवणारं कोणीतरी प्रत्येक वर्गात सापडतंच. मुलं हौसेनं कामाला लागतात. लोकेशन शोधतात, कपडे ठरवतात, नाचाच्या तालमी करतात, वर्गणी काढून एका दिवसासाठी ड्रोन भाड्यानं आणतात. चार दिवस शूटिंग चालतं. मग सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं फुटेज एकाच मुलाच्या लॅपटॉपवर ओतलं जातं, कारण सॉफ्टवेअर ‘त्यालाच येतं’. तोही हाताशी नसेल तर पेन ड्राइव्ह लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या ओळखीच्या स्टुडिओत जातो आणि ‘जरा एडिट मारून द्या’ एवढ्या निरोपावर गाणं तयार होऊन येतं. वेळेच्या नियोजनातला नेहमीचा ढिसाळपणा म्हणून हे सोडून देता येईल. माझ्या मते मात्र हा शिकवण्यातला दोष आहे. विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओत शिकण्यासारखं जे काही असतं, त्यातलं बहुतेक संकलनात असतं. म्हणून वेळ, गुण आणि शिक्षकांचं लक्ष यांचा मोठा वाटाही तिथेच जायला हवा.

लघुपटापेक्षाही म्युझिक व्हिडिओला हे अधिक लागू पडतं. लघुपटात गोष्टच संकलकाला बरंच काही सांगत असते. दार वाजलं की कोणीतरी उघडायला जाणार, प्रश्न विचारला गेला की उत्तर देणाऱ्याचा चेहरा दाखवावा लागणार. गाण्यात असा आधार नसतो. आवाज आधीच पक्का झालेला असतो. त्याची लांबी, त्याचा चढउतार, त्यातले शब्द यांना हात लावता येत नाही. मोकळं असतं ते फक्त चित्र. समजा, गायिकेनं पाच ठिकाणी अख्खं गाणं ओठांवर म्हटलं आहे: गच्चीवर, एसटीच्या मागच्या सीटवर, रिकाम्या वर्गात, नदीच्या घाटावर आणि रात्रीच्या पुलावर. गाण्याच्या कोणत्याही क्षणी या पाचांपैकी कोणतंही चित्र लावता येतं. शिवाय हात, पावलं, पाऊस, रहदारी असे सुटे शॉट निराळेच. दुसरं कडवं गच्चीवर सुरू व्हावं की वर्गात, हे कोणताही नियम सांगत नाही. ते विद्यार्थ्यालाच ठरवावं लागतं, आणि ठरवायचं तर हे गाणं नेमकं कशाबद्दल आहे, दुसऱ्या कडव्यात त्यात काय बदलतं, याचा विचार केल्याशिवाय गत्यंतर नसतं. कवितेचा अर्थ लावा असं आपण भाषेच्या तासाला सांगतो तेव्हा हाच विचार अपेक्षित असतो. तिथे मुलं गाइडमधलं उत्तर उतरवून सुटतात. इथे उतरवायला गाइड नसतं.

संकलनाच्या शिक्षणाचा उगमही अशाच एका वर्गात सापडतो. क्रांतीनंतरच्या मॉस्कोत कच्च्या फिल्मची भयंकर टंचाई होती. लेव्ह कुलेशोव्हच्या कार्यशाळेतल्या विद्यार्थ्यांना मनासारखं चित्रण करता येत नसे, म्हणून ते आधीच चित्रित झालेल्या फिल्म पुन्हा कापत आणि निराळ्या क्रमानं जोडून पाहत. 1920च्या आसपास तिथे झालेला एक प्रयोग आजही जगभरच्या चित्रपटशाळांत सांगितला जातो. इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, शवपेटीशेजारी जोडला, खेळणाऱ्या मुलीशेजारीही जोडला. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यावर भूक, दुःख आणि वात्सल्य दिसलं, असं याच कार्यशाळेत घडलेला दिग्दर्शक पुदोवकिन लिहून गेला आहे. या प्रयोगाच्या तपशिलांबद्दल अभ्यासकांत मतभेद असले तरी त्यातलं तत्त्व कोणीही आज फोनवर करून पाहू शकतो. मला महत्त्वाची वाटते ती त्या वर्गाची परिस्थिती. कॅमेरा चालवायला फिल्म नव्हती आणि तरीही, कदाचित म्हणूनच, ती पिढी सिनेमा शिकली. आपल्या मुलांचं नेमकं उलटं आहे. चित्रण हवं तेवढं करता येतं, मेमरी कार्ड भरलं तर दुसरं घालता येतं. जे चित्रित झालं त्याच्यासमोर बसून विचार करण्याची सक्ती मात्र कुठेच नाही.

अशा घाईत पहिला बळी जातो तो लयीचा. नवशिका एडिटिंगला बसला की सर्वांत आधी बीटवर कट मारतो. ते सोपं असतं. टाइमलाइनवर आवाजाचे उंचवटे दिसत असतात, तिथे तिथे कापत गेलं की पहिली वीस सेकंद झकास दिसतात. मिनिटाला 120 ठोके असलेल्या चार मिनिटांच्या गाण्यात 480 ठोके येतात. दर चार ठोक्यांना एक कट धरला तरी 120 शॉट होतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत डोळ्याला पुढचा कट कधी येणार हे पाठ होतं आणि तिथून पुढे पाहणारा पाहायचं थांबतो. प्रत्येक मात्रेवर टाळी दिली तर सम ओळखू येत नाही, तसंच हे. अनुभवी संकलक अनेकदा ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी कापतो, म्हणजे नवं चित्र डोळ्यात बसेपर्यंत ठोका पडतो. कधी तो ठोका सोडून गायकाच्या श्वासावर कापतो, कधी मान वळताना कापतो, आणि कधी दोन ओळी काहीच न कापता चेहरा तसाच राहू देतो, म्हणजे धृपद परत आल्यावर पडणारा कट जाणवतो. बीटवर कापायचं हे एका दुपारी शिकता येतं. बीट कधी सोडायचा हे शिकायला रफ कट, म्हणजे शॉटची पहिली कच्ची जोडणी, दहा वेळा पाहावा लागतो आणि त्यासाठी एक रात्र पुरत नाही.

‘अपोकॅलिप्स नाऊ’ या 1979च्या चित्रपटाच्या संकलकांपैकी एक असलेल्या वॉल्टर मर्च यांनी आपल्या पुस्तकात चांगल्या कटचे सहा निकष दिले आहेत आणि थोडं गमतीनं, थोडं गंभीरपणे त्यांना टक्केही दिले आहेत. भावनेला 51, कथेला 23, लयीला 10, पाहणाऱ्याची नजर पडद्यावर कुठे आहे याला 7 आणि उरलेले 9 टक्के चौकटीतल्या व अवकाशातल्या सलगतेला. टक्के शब्दशः घेऊ नयेत हे उघड आहे, पण उतरता क्रम बोलका आहे. विद्यार्थ्यांच्या व्हिडिओत तो बहुधा उलटा होतो: लयीला जवळपास सगळे गुण, भावनेला उरले तर. सिनेड ओकॉनर यांच्या ‘नथिंग कंपेअर्स टू यू’चा 1990चा व्हिडिओ या दृष्टीनं पाहण्यासारखा आहे. दिग्दर्शक जॉन मेबरी यांच्याकडे पॅरिसजवळच्या उद्यानात गायिका चालत असतानाचं देखणं चित्रण होतं. तरी व्हिडिओचा बहुतेक भाग काळ्या पार्श्वभूमीवरच्या तिच्या चेहऱ्यानंच व्यापला आहे, आणि शेवटाकडे गालावर ओघळणारे अश्रू ठरवून आणलेले नव्हते. अशा वेळी उद्यानातले शॉट आत सारून ‘जरा हालचाल’ आणण्याचा मोह कोणालाही झाला असता. तो आवरला गेला म्हणून ते गाणं तीन दशकांनंतरही पाहिलं जातं. मेहनतीनं मिळवलेला सुंदर शॉट बाहेर ठेवणं हा संकलनातला सर्वांत अवघड धडा आहे, आणि ड्रोनच्या भाड्यासाठी वर्गणी काढलेल्या मुलांना तर तो फारच अवघड जातो.

ही सगळी परदेशी उदाहरणं झाली, आपल्याकडे गाण्याची परंपराच वेगळी, असं कोणी म्हणेल. परंपरा वेगळी आहे खरी, आणि एमटीव्ही 1 ऑगस्ट 1981 रोजी सुरू झाला त्याच्या कितीतरी आधीची आहे. ‘गाइड’मधलं (1965) ‘तेरे मेरे सपने’ विजय आनंद यांनी मोजक्या, लांब शॉटमध्ये घेतलं आहे. दोन माणसांमधलं अंतर हळूहळू कमी होतं ते कटमधून नव्हे, त्यांच्या आणि कॅमेऱ्याच्या हालचालीतून. विजय आनंद स्वतः संकलनही करत, त्यामुळे कुठे कापायचं नाही हे त्यांना कॅमेरा लावतानाच ठाऊक असावं, असं ते गाणं पाहताना वाटतं. दुसऱ्या टोकाला ‘सैराट’चं (2016) ‘झिंगाट’ घ्या. ताल धावता, गर्दी नाचरी, कट भराभर. तरी त्या धांदलीत परशा आणि आर्ची यांची नजरानजर हरवत नाही. गोंधळाच्या मधोमध दोघांचं काय चाललंय हे पाहणाऱ्याला सतत कळत राहतं. एक गाणं संथ आणि एक सुसाट, पण दोन्हीकडे आपण कोणाकडे पाहायचं हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलं आहे. महाराष्ट्रातली मुलं ही गाणी शेकडो वेळा पाहून मोठी होतात. ती कशी कापली आहेत हे मात्र त्यांना सहसा कोणी दाखवत नाही.

संकलनाकडे शेवटची पायरी म्हणून पाहण्याचा आणखी एक तोटा शूटिंगलाच होतो. गाण्यातल्या अनेक गोष्टी एडिटिंगचा विचार आधी केला तरच जमतात. संथ गतीत चालणारी गायिका हवी, पण तिचे ओठ मात्र गाण्याबरोबर हलायला हवेत, असं वाटलं तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवावं लागतं, तिनं त्या वेगानं म्हणावं लागतं आणि कॅमेराही दुप्पट फ्रेमवर चालवावा लागतो. ‘द पोलीस’ या बँडच्या ‘रॅप्ड अराउंड युवर फिंगर’मध्ये 1983 साली हीच युक्ती वापरली होती. नेहमीच्या वेगानं चित्रण करून मागून ते संथ करू गेलं, तर ओठ आणि शब्द यांची फारकत होते आणि मग ती झाकायला धुरकट इफेक्ट टाकावे लागतात. साधं लिप-सिंकही असंच घात करतं. फोन प्रकाशानुसार फ्रेमचा वेग थोडा कमी-जास्त करतो. त्यामुळे पहिल्या ओळीला जुळलेले ओठ शेवटच्या ओळीपर्यंत सरकलेले असतात. फुटेज आधी एकसमान फ्रेम-रेटवर आणून घेतलं तर हा त्रास जातो. मग जुळवणी तपासायची ती प, ब, म या अक्षरांवर, कारण ही म्हणताना ओठ मिटतातच. ‘माझ्या’मधला म ऐकू येतो त्या फ्रेमला ओठ उघडे असतील तर काहीतरी चुकलं आहे, हे पाहणाऱ्याला सांगता आलं नाही तरी खटकतं. या गोष्टी सबमिशनच्या रात्री कळल्या तर उपयोग शून्य. पहिल्या दिवसाच्या शूटिंगनंतर लगेच टाइमलाइनवर बसणाऱ्या गटाला त्या दुसऱ्या दिवसाआधी कळतात आणि चूक दुरुस्त करायला दिवस हातात राहतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रेक्षकांच्या नावानं. आजचा प्रेक्षक रीलवर वाढलेला आहे, दोन सेकंदांत काही घडलं नाही तर तो अंगठ्यानं वर सरकवतो. त्याच्यासाठी करायचं तर भराभर कापायलाच हवं, यात विचार कसला, असं म्हटलं जातं. वेगाला माझा विरोध नाही. रिचर्ड लेस्टर यांनी ‘अ हार्ड डेज नाइट’मध्ये (1964) बीटल्सना मैदानात मोकाट सोडून ‘कान्ट बाय मी लव्ह’ कापलं तेव्हा सलगतेचे संकेत धाब्यावर बसवले होते, आणि नंतरच्या म्युझिक व्हिडिओंनी त्याच गाण्यापासून धडा घेतला. तिथला वेग कोंडलेल्या चार तरुणांच्या सुटकेचा आहे. गाण्याआधी ते बंदिस्त होते म्हणून तो शोभतो. याउलट ‘ओके गो’ या बँडनं 2006 मध्ये आठ ट्रेडमिलवर नाचत ‘हिअर इट गोज अगेन’ केलं, त्यात एकही कट नाही, आणि इंटरनेटवर ते प्रचंड पाहिलं गेलं. म्हणजे अधीर प्रेक्षकसुद्धा न कापलेलं चित्र शेवटपर्यंत पाहतो, जर पुढे काय होणार याची उत्सुकता टिकली तर. कट नाही म्हणजे संकलनाचा निर्णय नाही असंही नव्हे. सगळं एका शॉटमध्ये बसवायचं आणि अनेक टेकमधला कोणता ठेवायचा, हेही निर्णयच आहेत. विद्यार्थ्यानं भराभर कापावं की कापूच नये, हे गाण्यानं ठरवावं. ‘सगळे असंच करतात’ हे कारण मात्र गुणपत्रिकेत चालू नये.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे. फोनमधली ॲप आता गाण्याचे ठोके आपोआप ओळखतात, टेम्प्लेटमध्ये क्लिप टाकल्या की कापून देतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं याहून पुढे जाणार हे दिसतंच आहे. मग जे यंत्र करणार आहे ते शिकवण्यात वेळ का घालवायचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर माझ्या बाजूनं जातं. यंत्र जे करतं ते नेमकं बीटवर कापणं आहे, म्हणजे जे एका दुपारी शिकता येतं ते. टेम्प्लेटला गाण्याचे ठोके कळतात. दुसऱ्या कडव्यात गायिका ज्याच्याबद्दल गाते तो माणूस आता नाही, हे त्याला माहीत नसतं. उद्या एखादं साधन शब्दांचा अर्थही लावू लागलं, तरी त्यानं पुढे ठेवलेल्या पाच पर्यायांतला कोणता घ्यायचा हे कोणालातरी ठरवावं लागेल, आणि ज्यानं स्वतः कधी कापून पाहिलं नाही त्याला ते ठरवता येणार नाही. साधनं जितकी हुशार होतील तितकी बटणं शिकवण्याची गरज कमी होईल हे मान्य. म्हणून तर अभ्यासक्रमातले सॉफ्टवेअरच्या मेनूवर खर्च होणारे तास कमी करून ते रफ कट पाहण्यावर आणि त्यावर वाद घालण्यावर खर्च करावेत, असं माझं म्हणणं आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. व्यवसायात प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो, मग प्रत्येक विद्यार्थ्यानं एडिटिंग का करावं? शिवाय चित्रणच सुमार असेल तर संकलक काय करणार, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुण्याच्या एफटीआयआयमध्ये संकलनाची स्वतंत्र शाखा आहे. रेणू सलुजा तिथूनच शिकून बाहेर पडल्या आणि ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ व ‘गॉडमदर’ यांच्या संकलनासाठी चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवून गेल्या. अशा दर्जाचं कौशल्य सगळ्यांना येणार नाही, ते अपेक्षितही नाही. पण पदवीच्या वर्गातला म्युझिक व्हिडिओ संकलक घडवण्यासाठी नसतोच. तो विद्यार्थ्याला आपल्याच कामाकडे त्रयस्थपणे पाहायला लावण्यासाठी असतो. पुढे जो कॅमेरा हाती घेईल त्याला आपण घेतलेल्या तीस शॉटपैकी चार वापरले गेले आणि ते का वापरले गेले, हे कळलं तर तो पुढच्या वेळी तीस घेणार नाही. जो दिग्दर्शन करेल त्याला दोन शॉटमध्ये दुवा नाही हे टेबलावर उमगलं तर सेटवर तो दुवा घ्यायला विसरणार नाही. आडात पाणी यावं म्हणूनच तर एकदा प्रत्येकानं पोहरा आपल्या हातानं ओढून पाहायचा. स्टुडिओत पेन ड्राइव्ह देऊन येणारा गट नेमकं हेच शिक्षण पैसे देऊन टाळत असतो.

उरतो तो साधनांचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात चांगले संगणक नसतात, असले तर ते परीक्षेच्या फॉर्मसाठी अडकलेले असतात. तरीही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. डाविंची रिझॉल्व्हसारखं व्यावसायिक सॉफ्टवेअर मोफत आवृत्तीत मिळतं. संगणक कमी ताकदीचा असेल तर फुटेजच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करता येतं आणि शेवटी मूळ फाइल जोडता येतात. काइनमास्टरसारखी ॲप फोनवरच चालतात. खरा तुटवडा वेळेचा आणि पद्धतीचा आहे, आणि तो भरून काढायला फारसा पैसा लागत नाही. एका गाण्याचं चित्रण संपूर्ण वर्गानं मिळून करावं, ते फुटेज सगळ्यांना द्यावं आणि प्रत्येक दोघा-तिघांच्या गटानं आपापला व्हिडिओ कापावा. कुलेशोव्हच्या वर्गात टंचाईमुळे जे घडलं ते इथे ठरवून घडवायचं. तीच गच्ची, तोच पूल, तीच गायिका, आणि पडद्यावर एकाच गाण्याचे दहा निरनिराळे व्हिडिओ. ते एकापाठोपाठ एक दाखवले की संकलनानं अर्थ बदलतो हे पटवायला वेगळं व्याख्यान लागत नाही. ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा किंवा देखणे मित्र आहेत, त्यांना मिळणारा आयता फायदाही यात नाहीसा होतो.

गुण देण्याची पद्धतही बदलावी लागेल, कारण मुलं जिथे गुण असतात तिथेच मेहनत करतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सादरीकरणाच्या दिवशी पूर्ण झालेला व्हिडिओ दाखवून टाळ्या घेण्याऐवजी दोन आठवडे आधी रफ कट सक्तीचा करावा: रंग नाही, ट्रान्झिशन नाही, ग्लिच आणि झूम नाहीत, नुसते शॉट आणि गाणं. तो एकदा आवाज बंद करूनही पाहावा. गाण्याच्या आधारावर तरंगणारी पोकळ जागा तेव्हा लगेच उघडी पडते. इफेक्ट त्यानंतर ज्यांना हवे त्यांनी टाकावेत, पण तोपर्यंत त्यांची गरज बहुधा कमी झालेली असते. तोंडी परीक्षेत परीक्षकानं टाइमलाइन उघडायला सांगून कोणतेही तीन कट निवडावेत आणि एकच प्रश्न विचारावा, इथेच का? ‘बरं दिसलं म्हणून’ हे उत्तर एकदा चालेल, तिन्ही वेळा नाही. काय गाळलं आणि का गाळलं यावर अर्ध्या पानाचं टिपण घ्यावं. बाहेरून एडिट करून घेतलेला व्हिडिओ या तीन प्रश्नांपुढे टिकत नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा पहारा ठेवावा लागणार नाही. प्रत्येक प्रकल्प दोन वेळा पाहायचा म्हणजे शिक्षकांचं काम वाढणार हे खरं आहे. पण शूटिंगच्या परवानग्या, उपकरणांची यादी आणि बजेटचे तक्ते तपासण्यात जाणारा वेळ इकडे वळवला तर त्याचा उपयोग अधिक होईल.

एवढा खटाटोप एका पॉप गाण्यासाठी कशाला, सामाजिक विषयावरचा माहितीपट करायला लावावा, असंही शेवटी कोणी म्हणेल. माहितीपट जरूर करावा. पण मुलं कशात जीव ओततात आणि त्यांना काम कुठे मिळतं हेही पाहायला हवं. खानदेशातली अहिराणी गाणी, ठाणे-रायगडकडची आगरी-कोळी गाणी, पुण्या-मुंबईतलं रॅप, गणपतीत आणि हळदीत वाजणारी नवी गाणी यांचे व्हिडिओ यूट्यूबवर सतत येत असतात आणि ते करणारी मंडळी बहुतेक विशीतलीच असतात. आपल्या बोलीत, आपल्या गावात, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या परवानगीशिवाय चालणारा हा दृश्यव्यवसाय आहे. त्यातल्या पुष्कळ गाण्यांचे शब्द ताजे असतात, चाली ओठांवर बसतात आणि चित्र मात्र एकमेकांची नक्कल वाटतं: तीच गाडी, तोच ड्रोन, तेच ठोक्यावरचे झटके. या मुलांकडे सांगण्यासारखं नाही म्हणून असं होत नाही. सांगितलेलं दिसावं यासाठी काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. ते शिकवण्याची जागा महाविद्यालय आहे, आणि त्यासाठी नवी इमारत, नवं यंत्र किंवा नवा विषय लागत नाही. येत्या सत्रात म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प देणाऱ्या विभागांनी वेळापत्रकात एवढाच बदल करावा: शूटिंगला दोन दिवस, एडिटिंगला तीन आठवडे, आणि गुणांतले निम्मे गुण त्या तीन आठवड्यांना.